कोपऱ्यातली बाई

४ जून, बुधवार
आमच्या फोटो क्लबाला पन्नास वर्षं होतात, म्हणून त्याचा इतिहास लिहायचा — आणि तो माझ्या गळ्यात! अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, म्हणाले, "चिटणीसबाई, तुमचं अक्षर चांगलं." अक्षरावर इतिहास लिहून होतो होय! कपाट उघडलं. शिंकून शिंकून बेजार.

७ जून, शनिवार
सुरुवातीला सभासद अकरा, कॅमेरे तीन! पाळीपाळीने घरी न्यायचे. एका दवाखान्यामागचं न्हाणीघर हीच डार्करूम. कुणी चुकून दार उघडलं की सगळ्यांचे फोटो काळे. पण दर महिन्याची स्पर्धा एकदाही चुकली नाही.

१० जून, मंगळवार
आमचे जुने सभासद शिंपीकाका, त्यांच्या स्पर्धेतल्या फोटोंचा गठ्ठा सापडला. एकोणचाळीस वर्षं, महिन्याला एक फोटो. बक्षीस नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. परीक्षकांचा शेरा ठरलेला — 'विषय सोडून.' आम्ही हसायचो. मीही.

आज ओळीने मांडले. 'पूल', 'बाजार', 'सावली', 'यंत्र' — विषय कुठलाही असो, कोपऱ्यात एकच बाई. पाठमोरी, पिशवी सावरताना, भाव करताना, चपलेतला खडा काढताना. केस काळे, मग करडे, मग पांढरे.

काकू!

आणि आम्ही सूर्यास्तांना बक्षिसं वाटत बसलो.

११ जून, बुधवार
काका हॉस्पिटलात आहेत. हृदय थकलंय, फार दिवस नाहीत म्हणे. विचारलं, "सगळे भिंतीवर लावू का?"

काका म्हणाले, "तिला ठाऊक नाही हो. तिला वाटतं, मी पूल काढतोय."

"मग राहू दे?"

"नको. लावा. मी आहे तोवर लावा."

आमच्या दातांच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी क्लबच्या पन्नाशीच्या प्रदर्शनासाठी लावलेले सगळे फोटो उतरवले. स्वतःचा बक्षीसवाला सूर्यास्त आधी! एरवी कितीही चिडवलं तरी माणूस मोठा.

१२ जून, गुरुवार
नुसते खिळे. अंगठा ठेचला.

१५ जून, रविवार
प्रदर्शन. काकूंना हात धरून आणलं. "अगं बाई, हा स्वेटर! कोपरात उसवला तरी मी सोडत नव्हते," पहिल्या भिंतीपाशी हसल्या. दुसऱ्या भिंतीपाशी एकेका फोटोजवळ वाकून पाहू लागल्या. तिसरीपाशी खुर्ची मागितली.

"आयुष्यभर भांडले मी यांच्याशी. कुठेही निघालो की हे चार पावलं मागे. मी म्हणायची, बायकोसोबत चालायला कमीपणा वाटतो का तुम्हाला?"

डॉक्टर उगीच चष्मा पुसत राहिले. काकूच उठल्या.

"मला त्यांच्याकडे सोडा. आत्ताच्या आत्ता."

१७ जून, मंगळवार
काका सकाळी गेले. मी काकूंजवळ जाऊन बसले. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "परवा सांगितलं त्यांना, सगळे पाहिले म्हणून. — तर लाजले हो!"