लाल चक्कीतलं दळण

केरवेल, ४ फेब्रुवारी १९१५

चि. मारिवोनीस सोआझिकचे अनेक आशीर्वाद. मेरीमातेच्या कृपेने इकडे क्षेम.

माझी रोझेन तुझ्याकडे पॅरिसला राहून त्या लाल चक्कीत कामाला लागली, हे मी रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर भेटेल त्याला सांगते. पवनचक्कीवाल्याची नात चक्कीतच गेली. बाबा असते तर हरखले असते. पण पोरीची पत्रं त्रोटक. विचारलं, गहू दळता की जव, तर लिहिते, सगळंच. पाय दुखतात म्हणते. पोती वर चढवायला लावतात की काय? तिला सांग, डोक्याला रुमाल घट्ट बांध आणि दिवा पिठापासून लांब ठेव. उडतं पीठ बंदुकीच्या दारूसारखं पेटतं.

खारं लोणी पाठवते आहे. डबा परत कर, दोरीही टाकू नकोस. लोभ आहेच, लोण्यासारखा पुरवून वापर.

तुझी ताई


पॅरिस, २ मार्च

ती. ताईस मारिवोनचा शि. सा. न. वि. वि.

ताई, खाली बसून वाच. चक्की जळाली. रोझेन सुखरूप बाहेर पडली, पण दुसऱ्या दिवशी घरातून गेली ती परतली नाही.

आता सांगायलाच हवं. त्या चक्कीत कधी दाणासुद्धा दळला नाही. लोखंडी मनोरा उभा राहिला त्या वर्षी एका नाचघराच्या माथ्यावर पवनचक्कीची शोभेची लाल पाती बसवली. बागेत खोटा हत्ती, आत आरसे, आणि पोरी झालरीचे झगे उचलून डोक्यापर्यंत पाय उडवायच्या. पूर्वी राजेरजवाडे यायचे, आता सुट्टीवरचे शिपाई. इथे सगळे त्याला नुसतं चक्की म्हणतात. तू त्याचं पीठ केलंस, आणि पोरीच्यानं तुझा समज मोडवेना.

जाण्याआधी एवढंच म्हणाली, "मावशी, आईनं अख्ख्या गावाला माझं पीठ वाटलंय. मी कोणत्या तोंडानं जाऊ?" मग शेजारणीनं तिला नदीच्या पुलावर पाहिलं. दवाखाने झाले, शवागारातही जाऊन आले. तिथे नाही. स्टेशनावर एकजण म्हणाला, अशी एक मुलगी तुमच्याकडच्या गाडीत चढली. खरंखोटं देव जाणे.

शिव्या दे, पण लिही. लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझी मारिवोन


केरवेल, ९ मार्च

चि. मारिवोनीस आशीर्वाद.

शिव्या नंतर. पत्र वाचून गुडघे टेकले, तर प्रार्थनाच आठवेना. ती नाचली म्हणून राग किती आणि सांगितलं नाही म्हणून किती, हे काही वेगळं काढता आलं नाही.

मग बाबांची बंद चक्की उघडली. तुला आठवत असेल, पाती क्रुसासारखी सरळ थांबवली की घरात मरण, तिरपी थांबवली की आनंद, जेवायला या. रोझेनला ही भाषा बाबांनीच शिकवली. मी एकटीनं पाती तिरपी केली. स्टेशनच्या रस्त्यावरून दिसतात. लोक विचारत आले, कसली खुशखबर? म्हटलं, रोझेन येते आहे, तिचं नाचघर जळालं. पहिल्यांदा 'नाचघर' हा शब्द हळूच म्हटला. नंतर नाही.

आज सकाळी पाहते तर पाती सरळ, क्रुसासारखी. वारा नव्हता, आणि खीळ मी स्वतः मारली होती. आधी छातीवर क्रुसाची खूण केली. मग डोक्यात उजेड पडला: मेलेलं माणूस 'मी मेले' सांगायला पाती फिरवत नाही.

पुन्हा तिरपी केली आहेत. दोन ताटं घेऊन आता चक्कीतच बसते. ती उत्तर द्यायला येईलच.

लोभ ठेव. डब्याची घाई नाही.

तुझी ताई