घोड्याच्या कानावरचं जस्त

चि. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या यजमानांचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझा खोकला गेला का? गेला नसेल तर गार पाणी पिणं सोड, हे मी लहानपणापासून सांगते आहे आणि तू लहानपणापासून ऐकत नाहीस. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे कालपासून ठीक आहोत. त्याआधी घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. हातातलं काम बाजूला ठेव आणि बसून वाच, कारण या प्रकरणात तुझाही हात आहे.

माझ्या नातीने लाकडी खेळण्यांचा कारखाना काढलाय हे तुला ठाऊक आहेच. कारखाना म्हणजे घराखाली मोटार ठेवायची जागा होती ती. (मोटार बाहेर उन्हात असते, तिचं नशीब.) एका भिंतीला करवतीचं यंत्र, दुसऱ्या भिंतीला रंगाचे डबे, खिडकीपाशी माझी खुर्ची. नात लाकूड कापते, रंगारी रंग देतो आणि मी चावते. हसू नकोस. बाळाच्या हातात घोडा दिला की बाळ तो पळवत नाही, तोंडात घालतं. म्हणून घोड्याचा कान, बदकाची चोच, हत्तीची शेपटी मी आधी चावून बघते. टोचलं तर पुन्हा घासायला, नाही टोचलं तर पदराने पुसून पेटीत. नात सगळ्यांना सांगते, आजी म्हणजे आमचं शेवटचं यंत्र.

तर परदेशातल्या एका मोठ्या दुकानाने मागणी पाठवली. पोरीने इथल्या दुकानांना यंदा जमणार नाही म्हणून कळवलं आणि सगळी मेहनत त्या एका मागणीत ओतली. माल परत आला तर करवतीला कुलूप, हे ती बोलली नाही, पण मला दिसत होतं. तिकडचे कायदे म्हणजे सासूच्या वरताण. खेळणं कशाकशाचं बनलंय ते मुळापासून सांगायचं. रंगात काय, रंग पातळ करायला काय, गोंदात काय, पेटीच्या दोऱ्याला कसला रंग. नातीने रंगाच्या कंपनीत इतके फोन केले की तिथला माणूस तिचा आवाज ऐकला की जेवायला बसलोय म्हणायचा. (सकाळी सकाळीसुद्धा.) पण पोरीने सगळं मिळवलं, लिहिलं, पाठवलं. माल बोटीत चढला, आम्ही सुटलो.

कसले सुटतोय. माल तिकडच्या बंदरावर पोचला आणि प्रयोगशाळेने अडवला. खेळण्यांवर जस्त सापडलं. जस्त काही विष नव्हे म्हणे, पण तुम्ही कळवलेल्यात ते कुठेच नाही, मग मालावर आलं कुठून, ते शनिवारच्या आत सांगा, नाहीतर माल परत. नातीने ते वाचलं तेव्हा तिचा आवाज अगदी खाली गेला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने रंगाऱ्याला विचारलं, डबा संपला म्हणून दुसरा कुठला रंग घेतलात का. रंगारी आधीच तिखट माणूस. "ताई, बाहेरचा एक थेंब जरी घातला असेल ना, तर उद्यापासून माझं तोंड बघू नका," म्हणाला आणि अंगावरचा एप्रन काढून खिळ्याला टांगला. गेला मात्र नाही, दारातच उभा राहिला. कारखान्यात करवत बंद असली की किती शांत असतं ते मला पहिल्यांदाच कळलं.

शुक्रवारी तिकडच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. जस्त सगळीकडे नाही, टोकांनाच आहे. कानांना, चोचींना, शेपट्यांना. पोटं आणि पाठी स्वच्छ. रंगारी दारातून म्हणाला, "म्हणजे मी काय नुसत्या शेपट्या रंगवतो होय?" त्या वेळी माझ्या तोंडात हत्तीची शेपटी होती.

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी शेपटी काढली, पाठोपाठ दातही काढले आणि दोन्ही टेबलावर ठेवलं. नातीने आतून ती तू दिलेली दात चिकटवायची पेस्ट आणली, भिंग लावून ट्यूबवरचं बारीक वाचलं आणि खाली लाकडाच्या भुशातच बसली. जस्त होतं. "ताई, हिने दात दगडासारखे बसतात," म्हणाली होतीस. बसतात खरे, पण थोडी पेस्ट घोड्याच्या कानावरही बसते. म्हणजे अर्धा गुन्हा तुझा. मला वाटलं पोर आता रडेल. तिने रंगाऱ्याचा एप्रन खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिला आणि तिकडे खरं तेच कळवलं, की जस्त आमच्या आजीचं आहे.

शनिवार आला, गेला, फोन नाही. रविवारी तर बंदच. सोमवारी पोरीने चहाचा कप भरला आणि तसाच गार केला. काल फोन वाजला. त्यांनी सगळी खेळणी पुसून पुन्हा तपासली, रंग चोख निघाला, माल सुटला. शेवटी त्या बाईंनी विचारलं म्हणे, आजींची तब्येत कशी आहे. बघ, तुला कुणी परदेशातून विचारलंय का कधी?

तुझी,
ताई

ता. क. पेस्ट आता पाठवू नकोस. मी दात काढूनच खेळणी बघते. बाळाला तरी कुठे दात असतात? नुसत्या हिरडीला टोचणं लगेच कळतं. आता प्रत्येक तऱ्हेचा एकच नग तपासायचा, आणि तो इथेच राहतो, पेटीत जात नाही, तसं नातीने तिकडे लिहूनही दिलंय.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, त्याला आठवडा झाला. तेवढ्यात त्यांनी नवी मागणी पाठवलीय, त्यात प्राणी इतक्या तऱ्हांचे आहेत की दुपारपर्यंत माझ्या हिरड्या हुळहुळतात. तुझे दात खरे आहेत असं तू जगाला सांगतेस, मी कधी खोडून काढलं नाही. पण नातीला आणि रंगाऱ्याला सांगावं लागलं. दोघंही फार खूश झाले. तुझी खुर्ची खिडकीशी लावली आहे, लगेच निघ. कवळी तिकडेच ठेव. यजमानांना आणायचं तर आण, पण त्यांचे दात अजून स्वतःचेच आहेत ना? मग राहू देत, आपल्या उपयोगाचे नाहीत.