मेजरसाहेबांची सांत्वनपत्रं

८ फेब्रुवारी १९४३, पूर्व आघाडी

देव पावला! खंदकातून सुटलो एकदाचा. अक्षर वळणदार म्हणून श्रीयुत ओटमार बाउश, म्हणजे अस्मादिक, आजपासून मेजर फोन राडेनाऊंचे कारकून. शेकोटी, टेबल, चक्क खाट! घराची रशियन मालकीण गोठ्यात राहते. तिला कुणी विचारत नाही, मीही नाही विचारलं. साहेब देवमाणूस. आईची चौकशी केली. गळ्यात शौर्यपदकाचा तो मोठा क्रॉस. सार्जंट प्युशेल कानाशी लागला, की साहेबांचा गळा पुन्हा दुखायला लागलाय. म्हणजे गळ्यात त्याहून वरचं पदक हवंय, आणि त्यावरचं औषध आपल्या अंगातून काढतात. भारी फाजील माणूस.

१० फेब्रुवारी

काम सोपं. मेलेल्यांच्या घरी साहेबांच्या नावानं पत्र लिहायचं. मजकूर ठरलेला: छातीत गोळी लागली, क्षणात गेला, यातना झाल्या नाहीत. आज नऊ लिहिली. मग सहज प्युशेलला म्हटलं, आठवडाभर गोळी सुटली नाही, हे मेले कधी? तो म्हणाला, चढाई उद्या आहे. नंतर वेळ मिळत नाही म्हणून साहेब आधीच सह्या करतात. तू आपलं लिही, डोकं चालवू नकोस.

११ फेब्रुवारी

टेकडी घेतली. नऊ गेले. तेच नऊ.

१५ फेब्रुवारी

पुढच्या टेकडीसाठी सात. पत्रं सकाळीच टपालात गेली. सहा मेले. सातवा, हिल्पर्ट, लंगडत परत आला आणि माझ्या शेकोटीशी सूप प्यायला बसला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुझ्या बायकोला मी कळवलंय रे, माझी सही खोटी पडता कामा नये. भर दुपारी त्याला एकट्याला बर्फातून पुन्हा पाठवलं. तो सूप तसंच ठेवून गेला. खिडकीतून दिसत होतं. छातीतच लागली.

त्याचं उरलेलं सूप मी प्यायलो. काही वाटलं नाही. त्याचीच तेवढी भीती वाटली.

१९ फेब्रुवारी

साहेबांना वरचं पदक जाहीर. सगळ्यांना ब्रँडी. नव्या तुकडीत वेंडेलिनदादा आला! माझा सख्खा मोठा भाऊ. म्हणाला, नशीब काढलंस लेका, लहानपणी माझा गृहपाठ लिहून लिहून अक्षर सुधारलं तुझं.

साहेबांचा गळा अजून दुखतोच आहे म्हणे.

२१ फेब्रुवारी

यादी. पाच नावं. तिसरं दादाचं.

साहेबांना सांगितलं, भाऊ आहे. त्यांनी पाठ थोपटली. म्हणाले, मग तर मनापासून लिहिशील.

लिहिलं. पत्ता शोधावा लागला नाही.

दुपार

दादा आलाय. हात शेकतोय. कुणाला लिहितोस म्हणाला. आईला, म्हटलं. तो हसला — माझाही नमस्कार लिही, मोजे पोचले म्हणावं, ठणठणीत आहे म्हणावं —

टपालाची गाडी दारात. प्युशेल हात पुढे करून उभा. पाकीट अजून माझ्याकडेच — एकदा गेलं की ते खरं करावंच लागणार — फाडलं तर साहेब —

दादा विचारतोय, लिहिलंस ना माझं? मी त्याला —