रिकामी झालेली जागा

रविवार, १४ मार्च

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार.

तुझा खोकला थांबला का? भावजींचा गुडघा काय म्हणतो? मी धडधाकट आहे. थंडी ओसरली, आता खिडकी उघडता येते. शेजारच्या म्हातारीच्या मांजराने माझ्या गॅलरीत मुक्काम ठोकलाय. पत्र पाहून चकित होशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी फुशारक्या मारायला लागतो, म्हणून लिहितोय.

ठकी महिनाअखेर राजीनामा देणार म्हणालीस. तो देऊ देऊ नकोस. आधी हे पत्र तिच्या हातात दे.

मागच्या फोनवर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आमच्या संस्थेत इंग्रजी शिकवायची जागा रिकामी झालीय, तुझ्या लेकीने शाळेतली कायमची नोकरी सोडून बेधडक यावं. जागा रिकामी झाली हे खरं. कशी झाली, ते मी खाल्लं.

ती जागा थोरल्या बाईंची, इथल्या सगळ्यात जुन्या शिक्षिकेची. मी इथे नवखा होतो तेव्हा वर्गातली माणसं कुरकुरली होती, परदेशातून आलेला हा आम्हाला कसलं इंग्रजी शिकवणार म्हणून. तेव्हा बाई महिनाभर माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या, विद्यार्थ्यासारखी वही उघडून. त्यांना बघून सगळे गप्प झाले. ताई, त्या नसत्या तर दोन महिन्यांत मी गाशा गुंडाळून तुझ्या दारात उभा असतो.

गेल्या हिवाळ्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. टेबलावर दोन गठ्ठे, अ आणि ब. वीस निबंध, दोनदा तपासलेले. एकदा माणसाने, एकदा संगणकाने. कुठला गठ्ठा कोणाचा ते सांगणार नाही म्हणाले. "चांगलं कुठलं, ते मोकळेपणाने लिहा." त्यांच्या खुर्चीमागे संगणकावरच्या वर्गासाठी घेतलेल्या नव्या हेडफोनची खोकी छतापर्यंत रचलेली होती. मोकळेपणा मला तेवढ्यात कळला.

ब गठ्ठा मी पहिल्याच पानावर ओळखला. एका पाववाल्याने वडिलांवर निबंध लिहिला होता. त्याखाली टाइप केलेला शेरा होता, "वडील भट्टीपाशी काय गुणगुणायचे? अजून दोन ओळी लिहा." असं विचारणारं आमच्याकडे एकच माणूस. अ गठ्ठ्यात मात्र एकही चूक सुटली नव्हती. बाईंच्या हातून पाच सुटल्या होत्या, मी मोजल्या. मग लिहिलं, "अ सरस." खाली सही केली, आणि कॅन्टीनमध्ये जाऊन चवीने जेवलो.

मी खोटं लिहिलं नाही, हे मी स्वतःला रोज ऐकवतो. संगणक येणारच होता, माझ्या एका सहीने काय अडणार होतं, हेही ऐकवतो. पण त्या दोन ओळी पाववाल्याने लिहून आणल्या होत्या, अख्ख्या पानभर, आणि ते मला ठाऊक होतं. ते मी अहवालात लिहिलं नाही. माझी खुर्ची जाईल अशी भीती वाटली, बस.

त्या अहवालावर बाईंना काढलं. निघाल्या त्या दिवशी खुर्चीवरची विणलेली उशी मला देऊन म्हणाल्या, "गठ्ठे पारखायचं काम तुला द्यावं, असं मीच सुचवलं होतं. म्हटलं, माझा हात हा ओळखेल." मी उशीकडेच बघत राहिलो. त्यांनीच माझी पाठ थोपटली. "नसशील ओळखला. टाइप केलेलं होतं ना सगळं."

मी म्हणालो, "नाही ओळखला."

ताई, मला माझी लाज वाटते. दाढी करताना आरशात बघवत नाही.

आता ठकीच्या जागेचं ऐक. शिकवायचं काही नाही, ते आता संगणकच करतो. हेडफोन पुसायचे, हजेरी घ्यायची, संगणकाचा पडदा अडकला तर बंद करून चालू करायचा. मीही तेच करतो. वर्गातला एक बसड्रायव्हर अजून सवयीने हात वर करतो, आणि मी त्याला पडद्याकडे बोट दाखवतो. फोनवर मी "वर्ग घेतो" म्हणायचो, तो हा वर्ग. एकट्याला ते करवत नव्हतं, घरचं कुणी सोबतीला असावं म्हणून पोरीला बोलावत होतो.

उद्या संस्थेत जाण्याआधी बाईंच्या घरी जाणार आहे. उशी परत नेणार आहे. त्यांनी दार लावून घेतलं तर बाहेरूनच सांगेन.

पत्र ठकीला स्वतः वाचू दे. तू वाचून दाखवू नकोस, मधल्या ओळी गाळशील. लहानपणी बाबांसमोर माझं प्रगतिपुस्तक असंच वाचायचीस. यावेळी मला पाठीशी घालू नकोस.

आणि लाडाने ती मला 'सरमामा' म्हणते ना, त्यातलं 'सर' काढून टाक म्हणावं. उरलेलं तिला ठेवावंसं वाटलं तर ठेवू दे.

तुझा,
लहानपणी तू वाचवलेला,
धाकटा