आईचा नंबर अजून आलेला नाही

एल आल्तो, १२ नोव्हेंबर

तीर्थरूप सातुर्निनाताईस, धाकट्या रेनानचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? ब्युनोस आयर्सच्या त्या शिवणखान्यात अजून चौदा-चौदा तास मशीन मारतेस का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आईसुद्धा. (आई जाऊन वर्ष झालं हे माझ्या लक्षात आहे. पुढे वाच.) फोन सोडून पत्र का, तर फोनवर बोललेलं तिला ऐकू जातं. लिहिलेलं मात्र तिला वाचता येत नाही.

झालं असं. मृतांच्या सणाला आम्ही रीतीप्रमाणे एक तारखेला दुपारी बारा वाजता, एका दिवसापुरत्या घरी येणाऱ्या आईसाठी टेबल मांडलं: पावाच्या बाहुल्या, ऊस, आणि परतीच्या वाटेवर पाणी प्यायला कांद्याची पोकळ पात. दुसऱ्या दिवशी बाराला निरोप द्यायचा. त्यासाठी कब्रस्तानातून एक तरणा प्रार्थनावाला धरून आणला. त्यानं भडाभडा स्पॅनिशमधून सुरुवात केली. मी म्हटलं, "बाबा रे, आमच्या आईला स्पॅनिश फक्त बाजारापुरतं, आकड्यांपुरतं यायचं. तिच्या आयमारा भाषेतून म्हण की." तो म्हणाला, "आयमारातून म्हणणारे म्हातारे आता सगळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतात, साहेब," आणि चार पाव पोत्यात टाकून चालता झाला.

तुला माहीतच आहे, आपल्या दोघांत आयमारा येते ती फक्त तुला. तू गावात वाढलीस. मी शाळेत आयमारा बोलून मार खाऊ नये म्हणून आईनं माझ्यासमोर तोडकंमोडकं स्पॅनिशच रेटलं, आणि मी कारकून झालो. मग सरकारला जाग आली की कारकुनांना देशाची एकतरी जुनी भाषा यायलाच हवी. चाळीस शनिवार वर्गात घालवून मी आयमाराचं प्रमाणपत्र मिळवलं, ते भिंतीवर टांगलंय. नीवेसनं (तुझी भावजय, तिची जीभ तुला ठाऊक आहे) त्याच्याकडे बोट दाखवलं. "ही चौकट काय माशा बसायला लावलीय? बोला की आता!" बारा वाजत आलेले. घाबरलेल्या मला वर्गात घोटून घेतलेलं एकच वाक्य आठवलं आणि मी ते खणखणीत म्हणून टाकलं: आजीबाई, कृपया बसून घ्या, तुमचा नंबर आला की बोलावू.

दाराजवळची वेताची खुर्ची करकरली.

तेव्हापासून ती बसलेली आहे. पातीत सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत संपतं. एवढ्या थंडीत खुर्ची उबदार लागते. नीवेस बटाटे मोजायला बसली की दर आकड्याला करकर होते. कुणीतरी गाठोडं सावरून उठतं, आपला नंबर नाही असं पाहून पुन्हा बसतं. आमच्या घरात हल्ली कुणी मोठ्यानं मोजत नाही. भीती वाटते ताई, पण त्याहून जास्त लाज वाटते. जन्मभर तिला कचेऱ्याकचेऱ्यांतून स्पॅनिशमधून हाकललं. तिच्या भाषेत 'बसा' म्हणणारा पहिला कारकून मीच. मग ती कशाला उठेल?

तुझा,
रेनान

ता.क. एवढ्याचसाठी लिहिलं: निरोपाचं एक वाक्य आयमारातून पाठव, कसं म्हणायचं त्यासकट.

दुसरा ता.क. खोटं बोललो. ते वाक्य आमच्या शनिवारच्या मास्तरांकडून आठ दिवसांपूर्वीच आणलंय, खिशात आहे. म्हणवत नाही. हॉस्पिटलात शेवटी शेवटी ती स्पॅनिश पार विसरली होती. तीन दिवस मला एकच काहीतरी सांगत होती आणि मी नुसता 'हो, हो' म्हणत होतो. ते काय होतं, हे तिला विचारायला तू ये.

तिसरा ता.क. ताई, येऊ नकोस. पाकिटावरचा पत्ता बरोबर आहे ना म्हणून नीवेसनं आत्ताच तुझा घरनंबर मोठ्यानं वाचला, चारशे सतरा. (तोच, जो आई तुझ्या प्रत्येक पत्रावरून माझ्याकडून वाचून घ्यायची.) खुर्ची करकरली. पुन्हा बसल्याचा आवाज काही आला नाही. दार उघडं आहे आणि कांद्याची पात जागेवर नाही. ती तुझ्या दारी पोचली की, काय म्हणते ते नीट ऐकून घे, आणि मला स्पॅनिशमधून कळव.