एकटीची बोट

रवि. १७ सप्टें.

आज पुन्हा उ. (म्हणजे उलटले. पूर्ण शब्द लिहायचा आता कंटाळा येतो.)

कारण बेडूक. पावसाळाभर कयाक, म्हणजे आमच्या वल्ह्याच्या अरुंद बोटी, काठावर पालथ्या पडून असतात, त्यात हा राहायला आलेला. नदीवर मोहने गावाच्या पुढे बंधाऱ्यामुळे पाणी शांत होतं, तिथपर्यंत बिचारा सीटखाली गप्प होता. मग टुणकन माझ्या मांडीवर. मी उभी राहिले. कयाकमध्ये उभं राहायचं नसतं हे मला ठाऊक आहे, पण मांडीवर बेडूक बसला असताना...

मागे बसलेली फिलूही अर्थात पाण्यात. वर आली ती बोलतच. "नंदे, पाचवीत झुरळ बघून बाकावर चढली होतीस, ती अजून खाली उतरली नाहीस गो!" कॉन्व्हेंटच्या पाचवीपासूनची मैत्रीण. तिच्यासमोर अब्रू वगैरे काही उरलेलीच नाही.

काठावर गौरीने पुन्हा बजावलं. गौरी म्हणजे आमची शिकवणारी, माझ्या मुलापेक्षा, मंदारपेक्षाही लहान. "काकू, पाण्यातून स्वतःची स्वतः बोटीत चढलात की मग एकटीची बोट. तोवर डबलच. फेब्रुवारीत फ्लेमिंगो बघायला जाऊ तेव्हासुद्धा."

डबलमध्ये दिशा मागची ठरवते. मागे फिलू.

घरी येऊन केस वाळवताना विचार करत होते, एवढा हट्ट कशाला? आधी बाबांच्या सायकलच्या दांडीवर. मग ह्यांच्या स्कूटरवर मागे, मांडीवर भाजीची पिशवी. आता मंदारच्या गाडीत मागे, नातीच्या सीटशेजारी. तक्रार नाही, सगळे प्रवास सुखाचे झाले. पण एकदा तरी डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे मला ठरवायचंय. फ्लेमिंगोंपर्यंत मला एकटीच्या बोटीतून जायचंय. बस.

सोम. २५ सप्टें.

मंदारचा बंगलोरहून फोन. काठावरून कोणीतरी काढलेला बेडकाचा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून कसा कोण जाणे त्याच्या ऑफिसपर्यंत पोचला.

"आई, तू नाचत होतीस?"

"बेडूक होता."

"बेडूक दिसतच नाहीये त्यात. नुसती तू दिसतेस."

मग नेहमीचं. हे वय, ते गुडघे, डोंबिवलीत एकटी राहतेस. "पोहायला जा ना त्यापेक्षा, क्लबमध्ये." क्लबच्या तलावात फ्लेमिंगो असतात का, असं विचारलं.

त्याला पाण्याची भीती ह्यांच्याकडूनच आलेली. हे देवळाच्या तळ्याशीसुद्धा माझं कोपर धरून उभे राहायचे. मला वाटायचं मी पडू नये म्हणून. खूप वर्षांनी कळलं, ते स्वतःला धरत होते.

रवि. १ ऑक्टो.

चढण्याचा सराव. गौरीचं शास्त्र असं: बोटीच्या कडेला लटकायचं, पाय मारायचे, पोटावर आडवं पडायचं, मग वळून बसायचं. करून दाखवते तेव्हा मांजर सोफ्यावर चढल्यासारखी दिसते. मी म्हशीसारखी. खरी म्हैस पलीकडे डुंबत होती, तीही बघत होती.

तिसऱ्या खेपेला मात्र चढलेच जवळजवळ. अर्धी वर, पोट टेकलेलं, गौरी "येस काकू, येस येस!" आणि लाइफ जॅकेटच्या आत काहीतरी वळवळलं. मासा. बोटभर असेल. पण आत, टी-शर्टमध्ये, अगदी... असो. मी किंचाळून परत पाण्यात.

काठावर जॅकेट सोडलं तेव्हा तो साहेबासारखा खाली उतरला आणि पाण्यात निघून गेला. फिलूला हसून हसून ठसका लागला. "आम्ही मेले बाजारात जाऊन मासा आणतो, घासाघीस करतो. हिच्याकडे स्वतःहून येतो, आणि ही शाकाहारी!"

हसले मीही. पण अजून डबलच.

रवि. ८ ऑक्टो.

हे नीट लिहून ठेवायला हवं.

आज दशमी, ह्यांची तिथी. मंदार तिकडे अन्नदान करतो, कावळ्याचं पान मात्र मीच ठेवते. पण आमच्या गच्चीवर आता कावळे कुठले? जिथे तिथे जाळ्या, आणि कबुतरं. मागच्या वर्षी दुपार कलेपर्यंत पान घेऊन उभी होते. शेवटी खालचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, गायीला घाला." घातलं. मनात खुपत राहिलं.

नदीवर कावळे आहेत. म्हणून पहाटे उठून वडे तळले, भात, वरण, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं केळीच्या पानात बांधून बरोबर नेलं. गौरी आधी नाही म्हणाली, मग वड्यांचा वास आला. तिला दोन दिले (वेगळे ठेवलेले).

मधोमध जाऊन थांबलो. पान माझ्यापुढे बोटीच्या टोकाशी. समोरच्या बाभळीवर चार-पाच कावळे बसलेले. बघतायत, येत नाहीत.

"काय राहिलंय त्यांचं? काहीतरी कबूल कर," फिलू मागून. ती चर्चला जाणारी, पण आमच्या घरातले सगळे रिवाज तिला पाठ.

म्हटलं, "मंदारची काळजी करू नका, मी आहे."

कावळे ढिम्म.

"फिलूचं ऐकेन म्हण."

"फिलूचं ऐकेन."

"अरे देवा, मान फिरवली गो त्याने!"

ह्यांना पाण्याची भीती. काय राहिलं असणार दुसरं? म्हटलं, "बरं. एकटीची बोट नाही घेणार. राहीन डबलमध्ये. या आता."

एक कावळा उडाला. पार पलीकडच्या झाडावर जाऊन बसला.

फिलू हळूच म्हणाली, "नंदे, उलटं बोलून बघ."

मला रागच आला. कावळ्यांचा, ह्यांचा, सगळ्यांचा. मोठ्याने ओरडले, "घेणार! एकटीची घेणार! तुम्हाला काय वाटायचं ते वाटो!"

आणि वरून घार आली. कावळा नव्हे, घार! नाकासमोरून पंख गेले. वडा उचलला, खिरीत पंजा बुडाला, पान माझ्या तोंडावर. मी मागे, फिलू उजवीकडे, बोट डावीकडे. उ.

नंतरचं मला नीट आठवत नाही. नाकात पाणी, केसांत भात. "चष्मा, माझा चष्मा" असं फिलू ओरडत होती (गळ्यातल्या दोरीलाच होता). मला एवढंच दिसत होतं की फिलू घाबरली आहे. फिलू! ती कधी घाबरत नाही. मी बोट सरळ केली, लटकले, पाय मारले, पोटावर पडले, वळले, बसले. मग तिच्या जॅकेटचे पट्टे दोन्ही हातांनी धरून तिलाही ओढून घेतलं. ती माझ्या मांडीवर पालथी, मी तिच्या पाठीवर थापट्या मारतेय.

काठावर गौरी दोन्ही हात वर करून नाचत होती. आता हिचा व्हिडिओ कोणी काढला नाही.

"नंदे," फिलू पालथीच म्हणाली, "तू चढलीस."

तेव्हा कळलं.

परत येताना विचारलं तिला, घार चालते का गं? ती म्हणाली, "घाईत असतील. मिळालं ते विमान पकडलं." मी हसले आणि रडलेही. ह्यांना उशीर झालेला कधीच खपायचा नाही.

रवि. १५ ऑक्टो.

घट बसवून गेले. गौरीने रीतसर परीक्षा घेतली, एकटीच्या बोटीतून. पहिल्या खेपेला चढले. कोणीही प्राणी आला नाही. थोडं चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

पास!!

फिलूने काठावर कडकडून टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "तुझ्या लग्नात एवढ्या वाजवल्या नव्हत्या."

रवि. २६ नोव्हें.

कोपरीला, खाडीत. पहिल्यांदाच खारं पाणी. एकटीच्या बोटीत मी, फिलू गौरीबरोबर डबलमध्ये.

डावीकडे वळायचं का उजवीकडे, हे मी ठरवलं. चुकीचं ठरवलं. तिवरांमधल्या एका सुंदरशा फाट्यात शिरले. ओहोटी लागली, आणि पाणी बोटीखालून निघून गेलं. मी चिखलावर. भोवती निवट्या, म्हणजे चिखलातले ते मासे, उड्या मारतायत, डोळे वटारून. फिलूच्या माहेरी निवट्यांचं कालवण करतात. ते त्यांना सांगितलं नाही मी.

गौरी ओरडून म्हणाली, "काकू, उतरू नका, चिखलात रुताल. दोरी घेऊन येतेय."

बसून राहिले. डबा उघडून पुढ्यात ठेवला, तोच तिवरांतून कोल्हा आला. खरा, तांबूस, हडकुळा, कान टवकारलेले. अगदी निवांत चालत. चिखल त्याला काही करत नाही. बोटीच्या टोकाशी येऊन त्याने डबा हुंगला. मी मोठ्याने म्हटलं, "शेम ऑन यू! गो होम धिस मिनिट!"

थबकला. खाली बसला. मग थालीपीठ उचलून घरी गेला.

दुरून फिलू: "कोल्ह्याशी इंग्रजीत काय बोलतेस गो?"

घाबरले की इंग्रजी येतं. सिस्टरांनी ते असं मुरवलंय की आता निघायचं नाही. पाचवीत सिस्टर हे वाक्य ज्या सुरात म्हणायच्या, त्याच सुरात आलं. किती वर्षांनी त्या शाळेची फरशी, ओल्या खडूचा वास, सगळं खाडीच्या चिखलात बसून आठवलं. दोरी येईपर्यंत मी तिथे अगदी सुखात होते.

मंदारला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, फेब्रुवारीत तू खरंच जाणार आहेस?"

"हो."

"मग मी येतो. तू पडलीस तर कोणीतरी हवं."

तो काय करणार आहे, हे विचारलं नाही.

रवि. ११ फेब्रु.

गेले. एकटीच्या बोटीतून गेले. फ्लेमिंगोंपर्यंत.

मंदार काल आला. सकाळी कोपरीच्या जेट्टीवर हाताची घडी घालून उभा. गौरीने त्याला नीट न्याहाळलं आणि डबलमध्ये फिलूच्या पुढे बसवून टाकलं. "आँटी मागे आहेत, तुम्ही फक्त बसा." त्याने दोन्ही बाजूच्या कडा अशा धरल्या होत्या, जसे हे माझं कोपर धरायचे.

उन्हं वर यायच्या आधीच पोचलो. आधी वाटलं दूर पाण्यावर कोणी गुलाबी ओढण्या वाळत घातल्यात. मग त्या हलल्या. सगळ्यांच्या माना खाली, चिखलात चोची, एक बारीकशी कुजबुज सतत चाललेली. गौरीने बोटाने खूण केली, वल्ही आत, कोणी बोलायचं नाही. बाजूला एक मोठी लाँच, हातभर लांब लेन्स लावलेले फोटोवाले. सगळे श्वास रोखून.

आणि मला उचकी लागली.

साधी नव्हे. खाडीभर ऐकू जाईल अशी. सगळ्या माना एकदम वर! शेकडो. माझ्याकडे. मी तोंड दाबलं. माना हळूहळू खाली. उचकी. माना वर. फोटोवाले माझ्याकडे बघतायत, जसे लायब्ररीत बघतात. श्वास धरला, मनात अंक मोजले. उचकी. माना वर.

मागून फिलूची कुजबुज, पण फिलूची कुजबुज म्हणजे, "कोण गो एवढी आठवण काढतंय?"

आणि मंदार हसायला लागला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, डबल डुलायला लागली, त्याने कडा सोडल्या आणि दोन्ही हातांनी पोट धरलं. लहानपणी हसायचा तसा, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी.

पक्षी उडाले नाहीत. पाच-सहा उचक्यांनंतर त्यांना माझी सवय झाली असावी. माना वर करायच्याही बंद केल्या. वाऱ्याने बोट हळूहळू सरकत राहिली, मी काहीच केलं नाही, आणि ते माझ्या दोन्ही बाजूंना होते. गुलाबी पाय. एकाच्या डोळ्यात पाहिलं मी. पिवळा, चिडका, आमच्या गणिताच्या बाईंसारखा.

लाँचवरच्या एका फोटोवाल्याने जाताना मला अंगठा दाखवला. माना वर केलेला फोटो असा कोणालाच कधी मिळाला नव्हता म्हणे.

जेट्टीवर मंदारने मला उतरायला हात दिला. मी घेतला. गरज नव्हती.

"आई," म्हणाला, "बाबा आले असते का गं?"

म्हटलं, "काठावर उभे राहिले असते. डबा धरून."

गुरु. २२ फेब्रु.

फिलूकडे जाऊन आले. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणतात या वर्षी बोट नाही, पुढचं पुढे बघू.

आणि आजच गौरीचा फोन. मार्चमध्ये मोठी फेरी, डोंबिवलीच्या मोठागावपासून ओहोटीबरोबर थेट कोपरीपर्यंत. सगळे आपापल्या बोटीत, डबल नाही. "काकू, तुमचं नाव घालू ना?"

मंदारला कळवलं. तो नको म्हणेल अशी तयारी ठेवली होती. म्हणाला, "तुझं तू ठरव." हे मलाच हवं होतं, आणि आता ते मिळाल्यावर...

एकटीची बोट मागताना फिलू मागे कुठेतरी, ओरडण्याच्या अंतरावर, असणारच हे मी धरूनच चालले होते.

ती पलंगावर, पायाखाली उशी. मी खुर्चीत. चहा निवला.

"जा गो," म्हणाली. "माझ्यासाठी थांबलीस तर बोलणार नाही तुझ्याशी."

"बघू."

"मी नसले तर तुला हसणार कोण, हीच काळजी ना?"

"प्राणी आहेत की."

हसली. खालून पाववाला ओरडत गेला.

गौरीला उद्यापर्यंत सांगायचंय.