भुवयांतला कापूस

जानेफळ,
१७ जानेवारी २०२५

डिंपलच्या पप्पांना,

धम्मशीलाचा सप्रेम जय भीम. आम्ही सगळे बरे आहोत. तूर घरात आली. डिंपल आरशासमोर भाषणं ठोकते, तोरा अगदी तुमचा. फोनवर तुमच्या मागे सतत कुणीतरी खाकरत असतं, म्हणून हे पत्र भागवतभाऊंच्या हाती, तिखटाच्या पिशवीत खाली लपवून देतेय.

एक विचारते. गेल्या आठवड्यात व्हिडिओवर म्हणालात, आत्ताच पाळी संपवून आलो, जिनिंग जोरात आहे. मग भुवया इतक्या स्वच्छ कशा? इथल्या जिनिंगमधून आलात की आंघोळीनंतरही तुमच्या भुवयांतून, कानांतून मी कापूस वेचायचे. आफ्रिकेतला कापूस काय फिटर बघून बाजूला होतो? तेव्हाच विचारणार होते, पण मागचं खाकरणं ऐकून फोन डिंपलकडे दिला.

तुमच्याच कारखान्यातले भागवतभाऊ सुटीवर मोताळ्याला आलेत असं कळलं, तसं मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "वहिनी, भाऊच्या कामाचा परवाना झालाच नाही. फिरायच्या व्हिसावर नेलं, तोही संपला. तपासणीवाल्यांच्या भेवानं खोलीत बसवून ठेवलं. पासपोर्ट मॅनेजरजवळ हाये. दुसरा फिटर आला की भाऊले सोडतो म्हणते."

दुसरा फिटर. आणि तुम्ही दर फोनला मला म्हणता, "संघपालले पाठवून दे, इथं मस्त चालून राह्यलं."

हे तुम्ही म्हणता, की तो खाकरणारा म्हणवून घेतो? रोज नवं उत्तर काढते, एकही पटत नाही. माझा भाऊ संघपाल तुमच्याच हाताखाली फिटर झाला. दाजींनी बोलावलं म्हणून बॅग भरून बसला होता. त्याचाही व्हिसा फिरायचाच. खरं सांगते, एक दिवस माझ्याही मनात आलं, जाऊ दे त्याला, तुम्ही तरी याल. मग माझीच मला किळस आली.

काल बुलढाण्याला जाऊन कलेक्टर ऑफिसात तुम्हाला सोडवण्यासाठी अर्ज दिला. तुमचं नाव, कारखान्याचं नाव, सगळं लिहिलं. मॅनेजर चिडेल, कदाचित तुम्हीही. संघपाल येणार नाही. परवाना मिळत नाही एवढंच मी त्याला सांगितलंय. त्याला कशासाठी बोलावलं होतं, ते तुम्ही घरी या आणि त्याच्यासमोर बसून सांगा.

तुमची वाट पाहणारी,
पण संघपालची बहीण,
धम्मशीला